मातीच ती, भिजली तर काय बिघडले?

पुराचे पाणी ओसरल्यावर एखाद्या कृषी विद्यापीठाच्या मृद विज्ञान विभागाचे नुकसान कोणी सांगू लागले, की ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो आणि बहुधा तो सभ्यपणे गिळला जातो: मातीच ती, दर पावसाळ्यात भिजतेच, मग बाटलीतली भिजली तर असे काय बिघडले? यंत्रे बुडाली, संगणक गेले, हे नुकसान लगेच पटते, कारण त्याची किंमत रुपयांत सांगता येते. मांडणीवरच्या नमुन्यांच्या हजारभर बाटल्यांतली माती ओली झाली, याचा पंचनामा करायला आलेल्या माणसाला मात्र कोणता आकडा लिहावा तेच कळत नाही. प्रत्यक्षात विभाग पुन्हा उभा करताना सर्वांत अवघड काम याच बाटल्यांचे असते, आणि ते का, हे समजण्यासाठी ती माती मुळात कोरडी का ठेवतात तेथून सुरुवात करावी लागते.

शेतातून नमुना घेताना आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे करून, त्यांच्या कडेची माती घमेल्यात जमा करतात, ती एकत्र कालवून तिचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग टाकून देतात आणि शेवटी अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करीत राहतात. ही माती प्रयोगशाळेत आली, की ती कागदावर पसरून सावलीत वाळवायची, लाकडी खलबत्त्यात हलक्या हाताने कुटायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची. खल लाकडी असतो, कारण लोखंडी खलातून लोहाचे कण मातीत उतरले, तर लोहाची तपासणी खलाची ठरेल, शेताची नव्हे. वाळवणही सावलीतच करायचे, कारण कडक उन्हात किंवा गरम भट्टीत पालाश (पोटॅशियम) आणि मंगल (मँगनीज) यांची रूपे बदलतात. एवढी काळजी घेतल्यावर ती माती बाटलीत जाते आणि तिच्यावर चिठ्ठी लागते.

ओली माती ही जिवंत वस्तू आहे. तिच्यातले जिवाणू सेंद्रिय पदार्थ खात असतात, नत्राला एका रूपातून दुसऱ्या रूपात नेत असतात, कर्बवायू बाहेर टाकीत असतात. वाळवणे म्हणजे या साऱ्या कारभाराला कुलूप घालणे. एखाद्या प्लॉटमधून १९९० साली घेतलेली माती कोरडी राहिली, तर सेंद्रिय कर्बासारख्या पुष्कळ बाबतींत ती १९९० सालचीच माती राहते आणि आज तिची तपासणी केली, तरी त्या वर्षीच्या जमिनीबद्दल भरवशाने बोलता येते. पुराचे पाणी हे कुलूप उघडते. तेही विलक्षण जोमाने उघडते, कारण दीर्घकाळ कोरडी राहिलेली माती एकदम भिजली, की तिच्यातील सूक्ष्मजीव नेहमीपेक्षा कितीतरी वेगाने कामाला लागतात, कर्बवायूचा लोट निघतो आणि नत्र झपाट्याने मोकळे होते. पूर्व आफ्रिकेतील मातीवर काम करणाऱ्या बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे सविस्तर मांडले, म्हणून या घटनेला त्याचेच नाव मिळाले आहे. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या पावसानंतर पिकाला येणारा तजेला काही अंशी याच हिशेबातला आहे. शेतात जे वरदान ठरते तेच बाटलीत घडले, तर जपून ठेवलेला पुरावा स्वतःलाच खाऊ लागतो.

त्यापुढची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. बाटलीत पाणी भरल्यावर मातीतला प्राणवायू फार काळ पुरत नाही, उबदार हवेत तो एक-दोन दिवसांतच संपतो. तो संपला, की जिवाणू श्वसनासाठी दुसरी साधने शोधतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी नायट्रेट, मग मंगलाची ऑक्साइडे, मग लोहाची, आणि पाणी फारच काळ साचले तर सल्फेट. नायट्रेट वापरले जाते तेव्हा नत्र वायुरूपाने निघून जाते आणि ते परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. लोहाची पाळी येते तेव्हा तांबूस मातीवर करडी-निळसर झाक चढते, आणि लोहाने आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवलेले स्फुरद (फॉस्फरस) सुटे होते. सामू, म्हणजे मातीच्या आम्ल-विम्लतेचा आकडा, तोही हलतो: आम्ल मातीचा वर चढतो, चुनखडीयुक्त मातीचा खाली येतो, दोन्ही सातच्या आसपास येऊ पाहतात. भातखाचरात हे सगळे दरवर्षी घडते आणि भाताला ते मानवतेही, पण नमुन्याच्या बाटलीत भात लावलेला नसतो.

मग माती पुन्हा वाळवली, तर सारे पूर्ववत होणार नाही का? होत नाही. विरघळलेले लोह हवा लागताच पुन्हा ऑक्साइड होते खरे, परंतु हे नवे ऑक्साइड जुन्यासारखे घट्ट स्फटिकरूप नसते, ते भुसभुशीत आणि ताजे असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग मोठा असतो आणि स्फुरद तो अधिक ओढून धरतो. म्हणजे पूर ओसरल्यावर वाळवलेल्या बाटलीतून मोजलेले उपलब्ध, म्हणजे पिकाला घेता येणारे, स्फुरद जुन्या शेताचे नसते आणि पुरात बुडालेल्या शेताचेही नसते. तो त्या बाटलीचा स्वतःचा आकडा असतो. तपासणीचे यंत्र आकडा तर देतेच, कारण यंत्राला विचारले की ते उत्तर देते, म्हणून खरी जोखीम बिनचूक दिसणाऱ्या निरर्थक आकड्याची आहे. सेंद्रिय कर्बाच्या नेहमीच्या तपासणीतही असाच फसवा प्रकार होतो. १९३४ पासून रूढ असलेल्या वॉकली आणि ब्लॅक यांच्या पद्धतीत मातीवर नारिंगी डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात आणि कर्बाने किती डायक्रोमेट खर्च केले ते मोजतात. पाण्यात राहून लोह बदललेली माती नीट न वाळवता घेतली, तर ते लोहही डायक्रोमेट खाते आणि कर्ब असतो त्याहून जास्त दिसतो. पूर आला आणि जमीन सुपीक झाली, असा दिलासा देणारा निष्कर्ष अशाच चुकीतून निघू शकतो.

तरीही सगळ्याच बाटल्या फेकण्याजोग्या होत नाहीत, आणि येथे विभागातील जाणत्या माणसाचा खरा कस लागतो. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे प्रमाण काही आठवडे भिजल्याने बदलत नाही. मातीतली खनिजे बदलत नाहीत, त्यामुळे सह्याद्रीच्या बेसॉल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीतील माँटमोरिलोनाइट हे चिकणमातीचे खनिज बाटलीत भिजून दुसरे काही होत नाही. एकूण स्फुरद किंवा एकूण जस्त, म्हणजे माती तीव्र आम्लात पूर्ण विरघळवून मिळणारा आकडा, बाटलीतून काही वाहून गेले नसेल तर पुष्कळसा विश्वासार्ह राहतो. गेले ते उपलब्ध नत्र, उपलब्ध स्फुरद, विद्राव्य क्षार, लोह-मंगलाचे उपलब्ध प्रमाण, विकरांची (एन्झाइमांची) क्रियाशीलता आणि अर्थातच गोठवून ठेवलेल्या नमुन्यांतील सूक्ष्मजीवांची माहिती, कारण पुराबरोबर वीजही गेलेली असते. शिवाय ही सारी विभागणी बाटलीत फक्त पाणी शिरले असेल, तरच लागू पडते. नदीचा गाळ शिरला असेल, तर कणांचे प्रमाणही भरवशाचे राहत नाही. फिरकीच्या झाकणाची बाटली, नुसत्या बुचाची बाटली, पुठ्ठ्याचा खोका आणि कापडी पिशवी यांचे नशीब त्यामुळे वेगवेगळे असते, आणि नोंद करताना "नमुना भिजला" एवढेच लिहून भागत नाही. झाकण कसले होते, पाणी कुठपर्यंत चढले आणि किती दिवस राहिले, हेही लिहावे लागते.

आता चिठ्ठी. माती वाचली आणि चिठ्ठी गेली, तर काही वाचले नाही असेच समजावे. चिठ्ठी हा त्या नमुन्याचा सातबारा असतो: प्लॉट कोणता, खोली किती, साल कोणते, पीक कोणते, खत कोणते. जेल पेनाने लिहिलेली चिठ्ठी पाण्यात गेली, की एक फिकट निळा डाग उरतो, डिंकाने चिकटवलेली असेल तर ती सुटून शेजारच्या बाटलीला चिकटते, आणि हा दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्यात माहिती नाहीशी न होता चुकीची होते. पेन्सिलीची चिठ्ठी मात्र चिखलातून काढून धुतली तरी वाचता येते, कारण ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच नमुना घेताना एक चिठ्ठी पिशवीच्या आत आणि एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीने, असा नियम विद्यार्थ्यांना पहिल्याच प्रात्यक्षिकात सांगतात, आणि बहुतेक जण तो परीक्षेपुरता पाळतात.

नमुने तळमजल्यावर का ठेवले होते, असे पूर आल्यावर जो तो विचारतो. कारण साधे आहे. अर्ध्या किलोच्या हजार बाटल्या म्हणजे अर्धा टन माती, वर काचेचे आणि मांडणीचे वजन वेगळे, आणि जुन्या इमारतीचा वरचा मजला एवढे ओझे घेईल की नाही, याची खात्री कोणी देत नाही. ग्रंथालयांचेही तेच होते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स या गावी २८ जुलै १९९७ च्या रात्री स्प्रिंग क्रीक नावाच्या एरवी उडी मारून ओलांडावा एवढ्या ओढ्याने पाच माणसांचा जीव घेतला आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या आवारात पाणी घुसवले. तेथील मॉर्गन ग्रंथालयाच्या तळघरात पाणी भिंत फोडून शिरले आणि बांधणी केलेल्या नियतकालिकांसह चार लाखांहून अधिक खंड बुडाले. आपल्याशी या विद्यापीठाचे नाते जवळचे आहे. जस्त, लोह, मंगल आणि तांबे मोजण्यासाठी महाराष्ट्रातल्या माती परीक्षण प्रयोगशाळांत रोज वापरली जाणारी, डीटीपीए या रसायनाने ही द्रव्ये मातीतून काढून घेण्याची पद्धत १९७८ साली लिंडसे आणि नॉरवेल यांनी प्रसिद्ध केली, आणि त्यांतील विलार्ड लिंडसे याच विद्यापीठातले.

त्या पुस्तकांचे पुढे काय केले, हे मातीवाल्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते आणि चार लाख खंड दोन दिवसांत वाळवणे कोणालाच शक्य नसते. म्हणून ते वाळवण्याऐवजी आधी गोठवले. गोठल्यावर बुरशी थांबते आणि घाई संपते, नंतर निर्वातात त्या बर्फाची पाणी न होऊ देता थेट वाफ केली, की कागद फार न फुगता वाळतो. प्रयोगशाळेतील नोंदवह्यांनाही हाच उपाय लागतो, आणि वह्या थोड्याच असतील तर घरगुती शीतकपाटाचा बर्फाचा कप्पादेखील सवड मिळवून देतो. ज्यांचे काहीच करता आले नाही अशा खंडांच्या जागी पुष्कळ प्रती इतर ग्रंथालयांकडून देणगी म्हणून आल्या. नेमका येथेच ग्रंथालय आणि मृद विज्ञान विभाग यांचा रस्ता वेगळा होतो. नियतकालिकाचा तोच अंक दुसऱ्या गावी सापडतो, पण तीस वर्षांपूर्वीच्या प्लॉटची माती दुसऱ्या कोणाकडे नसते.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ पासून चाललेल्या प्रयोगांतील माती, धान्य आणि पेंढा यांचे सुमारे तीन लाख नमुने वाळवून जपलेले आहेत. ते साठवणाऱ्यांना त्यातून पुढे काय शोधले जाईल याची कल्पना नव्हती. विसाव्या शतकात कोळशाच्या धुरातून आलेली प्रदूषके जमिनीत कशी साठत गेली, हे त्याच बाटल्यांतून कळले, आणि त्या भरल्या गेल्या तेव्हा ती प्रदूषके मोजण्याची पद्धतच अस्तित्वात नव्हती. आपल्याकडेही भारतीय कृषी संशोधन परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून चालू आहेत आणि अकोला व परभणी ही त्यांतली महाराष्ट्रातील केंद्रे आहेत. पूर ओसरल्यावर अशा प्रयोगांच्या जुन्या मालिकेतली बाटली आणि गेल्या महिन्यात शेजारच्या गावातून आलेली पिशवी समोर असतील, तर आधी हात कशाला घालायचा, याचे उत्तर माझ्या मते स्पष्ट आहे. गेल्या महिन्याचा नमुना पुन्हा घेता येतो.

अर्थात बाटल्यांपर्यंत पोहोचण्याआधी पुष्कळ काही करावे लागते, आणि घाई येथेच नडते. वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, हे सर्वांना ठाऊक असते. रसायनांच्या खोलीविषयी तेवढी सावधगिरी दिसत नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या अडीच लिटरच्या बाटल्या, पाण्यात विरघळून अंगाला लागण्याजोगे झालेले डायक्रोमेट, जे कर्करोगकारक आहे, कॉस्टिक सोड्याच्या विरघळलेल्या गोळ्या, आणि नाव धुऊन गेलेल्या अनेक बाटल्या तेथे चिखलात एकत्र पडलेल्या असतात. जिचे नाव कळत नाही ती बाटली वास घेऊन ओळखायची नसते, ती घातक कचरा म्हणूनच बाजूला ठेवायची असते. आणखी एक चूक स्वच्छतेच्या उत्साहातून होते. पुरानंतर फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकण्याची आपली सवय असते. त्या फरशीवर आम्ल सांडलेले असेल, तर बंद खोलीत क्लोरीन वायू तयार होतो. ॲसिटिलीनचे आडवे पडलेले सिलिंडर उभे केले, तरी लगेच जोडायचे नसतात, कारण आतला वायू ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो आणि ते द्रव खाली बसायला काही तास लागतात. त्यातही पाण्यात पडून राहिलेला सिलिंडर पुरवठादाराने तपासून दिल्याशिवाय वापरूच नये.

यंत्रांच्या बाबतीत नियम उलटा वाटतो. बुडालेले यंत्र आधी कोरडे करावे, असे सहज मनात येते, परंतु त्याच्यावर चिखल असेल तर तो वाळण्याआधी स्वच्छ पाण्याने, शेवटी क्षारविरहित पाण्याने धुऊन काढावा लागतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातला काळा गाळ वाळताना आक्रसतो आणि जेथे शिरला तेथे घट्ट धरून बसतो, हे त्या भागात भिंत पोपडल्यावर कोणालाही दिसते. हलवणयंत्र, ओव्हन आणि गाळणीचे पंप बहुधा वाचतात. प्रकाशमापकाचे आरसे आणि भिंगे, ग्रॅमच्या दहाहजाराव्या भागापर्यंत मोजणारे तराजू आणि धातू मोजणाऱ्या अणुशोषण यंत्राचे विद्युत भाग क्वचितच वाचतात. मात्र यंत्र चालू झाले म्हणजे प्रयोगशाळा चालू झाली, असे होत नाही. ज्या मातीचा आकडा आधीपासून पक्का माहीत आहे, अशी संदर्भ माती रोजच्या तपासणीत मिसळून तपासायची आणि तो आकडा जुन्याच पट्ट्यात येतो का ते पाहायचे, ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन येथून एकच माती जगभरच्या प्रयोगशाळांना पाठवून त्यांचे निकाल ताडून पाहण्याची व्यवस्था आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये ग्लोसोलान हे मृदा प्रयोगशाळांचे जाळे उभे केले तेही याच गरजेतून.

इमारतीबाहेर प्रक्षेत्रावर वेगळेच कोडे असते. पुराने प्लॉटवर चार बोटे गाळ आणून टाकला, तर पुढच्या वेळी वरच्या १५ सेंटिमीटरचा नमुना घेताना त्यातला बराच भाग वरच्या गावांचा निघतो आणि तीस वर्षांची मालिका एका रात्रीत तुटते. म्हणून नवा थर आणि त्याखालची जुनी जमीन यांचे नमुने वेगळे घ्यावे लागतात, बांध वाहून गेले असतील तर प्लॉटच्या कडा पुन्हा मोजून खुणावाव्या लागतात, आणि हे सगळे वाफसा, म्हणजे कामाजोगी ओल, आल्यावरच, कारण भारी जमिनीत ओलीवर पाय टाकला तरी ती घट्ट होते. पुराच्या वर्षी पीक न राहिलेल्या शेतात मुळांना स्फुरद मिळवून देणारी बुरशीही घटते. अमेरिकेत मिसिसिपीच्या १९९३ च्या महापुरानंतर पुढच्या हंगामात मक्याची पाने स्फुरदाअभावी जांभळट पडल्याचे दिसले होते, आणि तपासणीत तेथे स्फुरद कमी होते असे नव्हे.

नेमका हाच सल्ला विचारायला शेतकरी विभागात येतात, तेव्हा विभाग बंद असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळुणात जो चिखल शेतात आला, त्याचे काय करायचे, तो खरवडायचा की मिसळायचा, पुन्हा खत किती द्यायचे, हे प्रश्न पाणी ओसरताच सुरू झाले. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा निकष छापून मिळतात, ते पुराआधीच्या जमिनीचे होते. अशा वेळी विभागाने व्हरांड्यात टेबल टाकून नमुने स्वीकारणे, ते सावलीत वाळवून ठेवणे आणि यंत्रांची परीक्षा होईपर्यंत आकडा न देणे, हे कितीही चिडचीड ओढवणारे असले तरी तेच करावे लागते. पावसाळी दमट हवेत माती वाळता वाळत नाही, म्हणून पंखे लावून किंवा ओव्हन ४० अंशांच्या वर जाऊ न देता ती वाळवतात. त्यात दिवस जातात, आणि टेबलासमोर उभा असलेला माणूस तेवढ्या दिवसांत पेरणीचा वाफसा गमावू शकतो.

संदर्भ मातीची बरणीही पुरात गेलेली असेल, तर तिची जागा घेणारी माती उंचावरच्या, पाणी न चढलेल्या शेतातून पोतेभर आणतात. ती पसरून वाळवतात, कुटतात, चाळतात, पुन्हा पुन्हा कालवून एकजीव करतात आणि तीच माती कित्येक दिवस तपासत राहतात, एवढ्या वेळा की तिचा आकडा पाठ होतो. मग ती बरण्यांत भरतात, बरण्या मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवतात, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने गट नंबर, खोली व तारीख लिहून एक बरणीच्या आत टाकतात, एक बाहेर लावतात.